पाठ फिरवली की फडकं वर

१

त्या सकाळी मी वेंडलशी बोलत नव्हते. थर्मासमध्ये कॉफी भरली, सँडविचं पांढऱ्या टॉवेलात गुंडाळली, दुर्बिणीच्या काचा पुसल्या, पिकअपमध्ये जाऊन बसले, पण तोंडाला कुलूप. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात न बोलता सगळी कामं उरकायची कला मला चांगली साधली आहे.

कारण सांगते, नाहीतर मी कजाग आहे असं वाटायचं. आहेच मी कजाग, पण उगाच नाही. मागच्या शिकारीच्या मोसमात माझ्या नवऱ्याने ठासणीच्या बंदुकीने चारशे वीस यार्डांवरून एका नर हरणावर गोळी झाडली आणि त्याचा मागचा पाय मोडला. दोन दिवस आम्ही रक्ताचा माग काढत फिरलो. तिसऱ्या दिवशी माग खडकावर संपला. ते जनावर कुठेतरी तीन पायांवर उभं राहून मेलं असणार. घरी आल्यावर वेंडलने टेबलावर हात आपटून शब्द दिला, की यापुढे दीडशे यार्डांच्या पलीकडे चाप ओढणार नाही. मी विश्वास ठेवला. आणि यंदा मोसमाच्या आदल्या दिवशी बंदूक पुसायला घेतली, तर मागच्या उभ्या नेमपट्टीवर नव्या खुणा! चारशे, साडेचारशे, पाचशे. कानशीने कोरलेल्या, एकदम सुबक. तळघरात शीळ घालत हा बाबा वर्षभर हेच करत बसला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "उद्या दीडशेच्या पलीकडे एक जरी बार काढलास, तरी मी ग्लेनिसकडे कॅस्परला जाईन आणि परत येणार नाही."

ग्लेनिस माझी धाकटी बहीण. वेंडल म्हणाला, "जा की. तिच्याकडे गरम पाण्याचा टब आहे. मलाही बोलाव."

हा असा माणूस आहे. मी एक बोलले की त्याचं उत्तर तयार. लग्न झालं तेव्हा माझ्या आईला वाटलं होतं, हे दोघं सहा महिने टिकणार नाहीत. आम्ही भांडणावरच टिकून होतो, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या वडिलांनी कधी शंभर यार्डांपलीकडे बार काढला नाही. त्यांना गरजच पडली नाही. आमच्या पठारावरचं हरीण गाडीलाही हरवेल इतकं पळतं, पण त्याच्याइतकं चौकस जनावर दुसरं नाही. त्याला कळलं नाही की ही वस्तू काय आहे, तर ते बघायला येतंच. वडील काठीला पांढरं फडकं बांधायचे, झुडपामागे पालथे पडायचे आणि फडकं वर करायचे. मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी पडून हे शिकले.

"ते येत असलं तर फडकं खाली," ते कुजबुजायचे. "थांबलं तर जरासं वर. पाठ फिरवली की पूर्ण वर. घाई करायची नाही. ते परत जाईल, परत येईल. दर खेपेला थोडं जास्त पुढे. आणि काही झालं तरी तू दिसायचं नाहीस, आर्डी. त्याला कळलं की तू आर्डी आहेस, तर संपलं."

वेंडलला हा प्रकार फसवाफसवीचा वाटतो. लांबून झाडलेली गोळी म्हणजे मर्दुमकी. असो.

२

रॉलिन्सच्या उत्तरेला डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा संपतो, मग नुसत्या चाकोऱ्या उरतात. त्याही संपल्या की आमचं टेकाड. खाली सपाट मैदान, गुडघ्याएवढी सेजची झुडपं, आणि मध्ये पावसाच्या पाण्याने कापलेली एक खोल ओघळ. पलीकडे पुन्हा मैदान. आडोसा म्हणून नाही कुठे. पोस्टाची पेटी जरी ठेवली तरी मैलावरून दिसेल.

वेंडलने बंदूक भरली. दारू मापून ओतली, कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी बसवली, लाकडी गजाने ठासत तळापर्यंत नेली. मी त्याच्या डावीकडे दुर्बीण लावून पडले. माझं काम वारा सांगायचं आणि बार झाल्यावर काय झालं ते सांगायचं. काळ्या दारूचा धूर एवढा होतो, की झाडणारा दोन-तीन क्षण आंधळाच असतो. काय घडलं ते मी सांगेन तेच त्याच्यासाठी खरं.

ओघळीच्या अलीकडे-पलीकडे सहा हरणं चरत होती. त्यातला नर साडेचारशेवर, पलीकडच्या अंगाला. माझ्या डोळ्याचा अंदाज वीस यार्डांहून जास्त कधी चुकत नाही.

"वारा?" वेंडलने विचारलं.

मी दुर्बिणीची काच पुसत राहिले.

"आर्डिथ, वारा सांग."

"तुझ्या पट्टीला विचार. सगळं कोरून ठेवलंयस ना तिच्यावर."

"बोलली! बाई बोलली! देवा, तुझे उपकार."

"दीडशे म्हणाला होतास."

"दीडशेच्या आत या मैदानात तुझी बहीणसुद्धा येणार नाही."

"मग थांब ना, गाढवा! मी फडकं दाखवते, येतील ती."

"आजीबाईंची शिकार," तो म्हणाला आणि बंदुकीच्या घोड्याखाली बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवली.

मी रागाने दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली, की निदान या खेपेला गोळी कुठे जाते ते नीट बघावं आणि जन्मभर ऐकवावं. तेव्हा मला ते दिसलं. नराच्या बरंच मागे, सातशे यार्डांवर, काहीतरी पांढरं हळूच वर आलं. थोडा वेळ थांबलं. हळूच खाली गेलं.

"थांब," मी म्हटलं. "बार काढू नकोस. मागे माणूस आहे."

वेंडलने लगेच घोडा उतरवला आणि टोपी काढून घेतली. तेवढा शहाणा आहे तो. समोर माणूस असताना बंदूक तयार ठेवणाऱ्यातला नाही.

"कोण आहे?"

"फडकं दाखवतोय कुणीतरी."

परगावचा कुणी दीडशहाणा आमच्या जागेवर घुसलाय, असं वाटून मी आणखी तापले. मी नीट बघायला लागले. फडकं वर, फडकं खाली. संथ, सराईत हाताने. वडिलांनी मान डोलावली असती. पण सहातल्या एकाही हरणाने तिकडे पाहिलं नाही. एकाचाही कान हलला नाही. उडून आलेल्या कागदाच्या पिशवीमागे अर्धा मैल जाणारी ही जनावरं, आणि त्यांच्या डोळ्यांना तर मागचंही दिसतं. ती गवत खात होती.

पुढच्या क्षणी काहीतरी खुपल्यासारखी सहाही उधळली. त्या पांढऱ्या वस्तूच्या पन्नास पावलांवरून गेली आणि मान न वळवता गेली.

"तुझं आरडणं ऐकून पळाली," वेंडल म्हणाला.

असेल, मी मनाशी म्हटलं. मी आरडले होतेच. पण वारा पश्चिमेकडून चांगला दणकून वाहत होता, माझ्या टोपीचे बंद कानावर फटाफट आपटत होते. आणि ते फडकं वर आलं की सरळ खाली लोंबायचं. फडफडत नव्हतं.

३

वेंडलने दुर्बीण घेतली. बराच वेळ बघितलं. नेहमी तो बघताना काहीतरी बडबडतो. आता बोलला नाही.

"कुणाची तरी गाडी बंद पडली असेल," शेवटी तो म्हणाला. "मदतीला बोलावतोय."

"गाडी दिसतेय का?"

"पलीकडे उतारावर असेल."

"मग येईल चालत. पाय असतील त्याला."

"आणि पाय मोडला असेल तर?"

"तुला बरी आता मोडक्या पायांची काळजी!"

हे मी बोलायला नको होतं. खरं होतं, पण बोलायला नको होतं. वेंडलचा चेहरा उतरला. त्याने बंदूक पिकअपला टेकवून ठेवली आणि डोक्यावरची टोपी घट्ट केली.

"मी जाऊन बघून येतो," तो म्हणाला. "ओघळीतून गाडी जायची नाही, वळसा आठ मैलांचा आहे. चालत अर्धा तास. येतेस?"

गुडघ्याच्या दुखण्याने त्याला आमच्या घराचा जिना धड उतरता येत नाही. मी सोबत जायला हवं होतं. पण मी हाताची घडी घालून बसले होते आणि मला जिंकायचं होतं.

"जा," मी म्हटलं. "जा तू."

४

साठेक पावलं गेला आणि परत आला.

"पाण्याची बाटली," तो म्हणाला.

मी न बघता दिली. तो गेला. मी सँडविच सोडलं. टॉवेल मांडीवर पसरला, आतल्या बोलोनी सॉसेजचा एक घास घेतला, तोवर हा पुन्हा समोर. या वेळी दीडशे पावलांवरून परतला होता.

"चष्मा राहिला."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे, वेंडल."

त्याने नाकाला हात लावला. "हां," म्हणाला. हसलासुद्धा नाही. एरवी यावरून त्याने मला पाच मिनिटं छळलं असतं. तो वळला आणि निघाला.

दुर्बिणीतून पाहिलं. तो ताठ मानेने चालत होता, सरळ रेषेत. पांढरं काही दिसत नव्हतं. अडीचशे पावलांवर तो थांबला. तेव्हा समोर जरासं पांढरं वर आलं. तो वळला, माझ्या दिशेने यायला लागला, आणि ते पूर्ण वर गेलं.

मी स्वतःला समजावलं, की अडचणीतला माणूस दुसरं काय करेल? मदत येत असली तर हात खाली घेईल. मदत माघारी फिरली तर जिवाच्या आकांताने हलवेल. सरळ आहे. पण हलवत नव्हतं ते. घाई कुठेच नव्हती.

वेंडल टेकाडाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. माझ्यापासून वीस पावलांवर. धाप लागलेली नाही. गुडघा दुखत असल्याचं काही लक्षण नाही.

"आता काय विसरलास?"

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. मग तोंड तसंच उघडं ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे हळूहळू माझ्यावरून सरकून माझ्या मागच्या आभाळावर गेले.

"काहीतरी न्यायचं होतं," तो म्हणाला.

"वेंडल, वर ये. गाडीत बस. घरी जायचं."

"हो," तो म्हणाला, आणि वळून चालायला लागला.

दर खेपेला थोडं जास्त पुढे.

५

मी हाका मारल्या. वारा तोंडावर होता, हाका माझ्याच घशात परत येत होत्या. पिकअपचा भोंगा दाबून धरला. वेंडल दोनशे पावलांवर थबकला, वळला, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मागे पांढरं पूर्ण वर गेलं. त्याला मागे डोळे नाहीत, त्याला ते दिसणं शक्य नव्हतं. तरी त्याने मान फिरवली, आणि माझ्याकडे पाठ केली.

दुर्बिणीत बघितलं. आता ते सातशेवर नव्हतं. पाचशेवर होतं. सरकताना मी बघितलं नाही. मी काच नीट जुळवली आणि पहिल्यांदाच ते फडकं जवळून पाहिलं. फडक्याला कड असते. याला कड नव्हती. याला केस होते.

मग मला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. भीती होती, खोटं कशाला बोलू, पण तिच्या वर राग होता. हा माझा नवरा आहे. मूर्ख आहे, हेकट आहे, शब्द मोडणारा आहे, पण त्याला हाताळायचं तर मी हाताळीन. त्याला असं हळूहळू, मजेत, हरणासारखं ओढून न्यायला ते कोण?

मी बंदूक घेतली. टोपी बसवली. पाचशेची खूण लावली, ज्या खुणेवरून आदल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं तीच. वेंडल बरोबर मध्ये होता, म्हणून नेम त्याच्या बराच डावीकडे धरला. मला मारायचं नव्हतं, घाबरवायचं होतं. त्याला, किंवा त्या दुसऱ्याला. रागात माणूस एवढाही हिशेब करत नाही. मी चाप ओढला.

बार झाला. धुराने सगळं पांढरं केलं. आंधळी होऊन मी तिथे उभी होते आणि काय झालं ते सांगायला माझ्या डावीकडे कुणी नव्हतं.

वाऱ्याने धूर बाजूला केला तेव्हा वेंडल पळत होता. सहासष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला माझा नवरा सेजची झुडपं लांघत पळत होता, माझ्यापासून दूर. हरीण आवाजापासून दूर पळतं, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि मी बार काढला.

ओघळीच्या काठावर तो थांबला. आता आणखी दहा पावलं, की तो खाली उतरला असता आणि मला दिसेनासा झाला असता.

६

हाक नाही. भोंगा नाही. मी जे जे केलं, त्याने तो माझ्यापासून लांबच गेला. मी त्याची बायको म्हणून जितकी ओरडले, तितका तो गेला.

मांडीवरचा टॉवेल खाली पडला होता. बंदुकीच्या नळीखालचा लाकडी गज ओढून काढला, टॉवेल टोकाला बांधला. गाठ दातांनी ओढली. टेकाडाच्या उतारावर एका झुडपामागे पालथी पडले, गाल मातीला लावला आणि गज वर केला.

टॉवेल वाऱ्यात फडफडला. त्याचा आवाज माझ्या डोक्यावरच होत होता. मी मनात आकडे मोजले आणि झुडपाच्या फटीतून पाहिलं. वेंडल काठावरच होता. मान वर. माझ्या दिशेने बघत होता.

मी टॉवेल खाली घेतला.

त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. वीस पावलं आला, थांबला. मी टॉवेल जरासा दाखवला. तो मागे वळला, मी पूर्ण वर केला. दोन फडक्यांच्या मध्ये माझा माणूस उभा होता आणि दोन्हीकडे बघत होता. एक फडफडणारं, एक नुसतं लोंबणारं. मला त्याच्या नावाने ओरडायचं होतं. मी झुडपाची काडी दातांत धरली. मी आर्डिथ आहे हे त्याला कळलं असतं तर संपलं असतं.

किती वेळ गेला माहीत नाही. कोपराखालचा खडा हाडात रुतला होता. तो यायचा, वळायचा, उभा राहायचा, पुन्हा यायचा. तीनशे. दोनशे. शंभरावर आला तेव्हा त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त प्रश्न होता, स्वच्छ, लहान मुलाच्या चेहऱ्यावर असतो तसा. त्या चेहऱ्याने मला रडू फुटलं, आणि तेही मी आवाज न करता रडले.

पन्नासवर असताना माझी नजर त्याच्या मागे गेली. मी बघायला नको होतं. ते ओघळीच्या पलीकडच्या काठाशी आलं होतं. वेंडलची पाठ त्याच्याकडे होती, म्हणून ते पूर्ण वर गेलं होतं. कुठल्याही काठीने जाईल त्याहून वर. त्या गुडघाभर झुडपामागे कुणी पालथं पडलेलं नव्हतं. तिथे काहीतरी उठून उभं राहत होतं, आणि त्याचं उभं राहणं अजून संपलं नव्हतं.

मी गाल मातीला दाबला आणि डोळे मिटले. टॉवेल खाली. झुडपं करकरली. सेजचा चुरगळलेला वास आला. मग बूट, माझ्या हातापासून वीतभर.

मी त्याचा घोटा दोन्ही हातांनी पकडला.

त्याने लाथ मारली ती माझ्या खांद्याला लागली. नाकातून एक आवाज काढला, फुत्कारल्यासारखा, अर्धी शिट्टी असलेला. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला आहे, माणसाकडून कधी नाही. मी घोटा सोडला नाही. अंगावर चढले, टॉवेल गजावरून ओरबाडला आणि त्याच्या डोक्यावरून टाकून डोळे झाकले, बिथरलेल्या घोड्याचे झाकतात तसे. तो एकदम शांत झाला. थरथरत होता, पण चालला. मी त्याला पिकअपमध्ये कोंबला, दुर्बीण आणि बंदूक तिथेच टाकली, बाजूचा आरसा मुठीने फिरवून आभाळाकडे केला आणि गाडी हाणली. खडीचा रस्ता लागेपर्यंत मागे बघितलं नाही. नंतरही नाही.

डांबरी रस्त्यावर आल्यावर मी त्याच्या डोक्यावरचा टॉवेल काढला.

"जिंकलास," मी म्हटलं. "घाल आता शिव्या. म्हण, आजीबाईंची शिकार."

तो खिडकीबाहेर बघत होता.

७

याला पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी डोक्याची चित्रं काढली, रक्त तपासलं, हातोडीने गुडघे ठोकले. सगळं उत्तम. गुडघे तर कमालीचे सुधारलेत म्हणे. "उन्हाचा त्रास झाला असेल, बाई. या वयात माणसं जरा शांत होतात. बऱ्याच बायका तुमचा हेवा करतील." त्या डॉक्टरच्या टेबलावरचा पाण्याचा पेला मी भिंतीवर फेकला. वेंडल खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला आणि तिथे मान वर करून उभा राहिला.

तो जेवतो. झोपतो. सकाळी अंगणात उभा राहतो, तासन् तास, आणि एखादी चिमणी उडाली तरी तिच्याकडे बघतो. मी विचारलं तर "हो" म्हणतो. ग्लेनिस येऊन गेली. म्हणाली, "किती गोड झालाय गं हा." मी तिला त्याच दुपारी परत पाठवली.

मी सगळं करून बघितलं. त्याच्या आईवरून बोलले. पूर्वी यावर तो तीन दिवस भांडायचा. तळघरातल्या त्याच्या कानशी आणि गोळ्यांचे साचे त्याच्यासमोर खोक्यात भरले आणि म्हटलं, भंगारात देते. "हो," म्हणाला. मी म्हटलं, मीच तुझ्या खुणेवर पाचशेला बार काढला, आणि डावीकडे चुकले. ये, हस मला. जन्मभर पुरेल एवढं आयतं कोलीत दिलंय तुझ्या हातात. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी आवाज चढवला तसा दोन पावलं मागे गेला. आणखी चढवला, आणखी दोन. मग पाठ भिंतीला लागली आणि त्याच्या नाकपुड्या हलायला लागल्या. मी थांबले. खिडकी उघडी होती.

माझ्या जवळ तो एकाच रीतीने येतो, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. भांड्यांच्या कपाटामागे पडलेला चमचा काढायला मी जमिनीवर आडवी झाले होते. तो उभा होता तिथून मी टेबलाआड होते, दिसत नव्हते. तेव्हा त्याची पावलं ऐकू आली. येतात, थांबतात, मागे जातात, पुन्हा येतात.

आता मी रोज दुपारी तेच करते. एकसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या स्वयंपाकघरात, लिनोलियमच्या फरशीवर पालथी. आज तो टेबलाच्या कडेपर्यंत आला, मग कड ओलांडून आत आला. त्याचे मोजे माझ्या केसांपासून हातभरावर होते. तो वाकला. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागला, आणि मग त्याची बोटं, अगदी हलकी, हे काय आहे बघावं अशी, माझ्या पाठीवरून फिरली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

एकोणचाळीस वर्षांच्या सगळ्या शिव्या माझ्या घशाशी आल्या होत्या. गाढवा. हेकटा. माझ्या वेंडल. यातला एक शब्द जरी निघाला असता, तरी तो दाराबाहेर गेला असता. मी पायपुसणं तोंडात कोंबलं आणि हलले नाही.